गोठलेल्या धबधब्यावर पोरांना घेऊन: पहिल्यांदा आइस क्लाइंबिंगला जाणाऱ्या नाशिककरांसाठी

मागच्या जानेवारीत आम्ही स्वित्झर्लंडला गोठलेल्या धबधब्यावर चढायला गेलो होतो. मी, बायको, १३ वर्षांची मुलगी, ८ वर्षांचा मुलगा आणि माझी आई. फोटो बघून सातपूरच्या आमच्या कंपनीतल्या अर्ध्या लोकांनी आणि सोसायटीतल्या झाडून सगळ्यांनी विचारून झालंय की किती खर्च आला, पोरं पडली नाहीत का आणि आईंना कशाला नेलंत. प्रत्येकाला वेगवेगळं सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय, ज्याला जायचंय त्याने निवांत वाचावं.

आधी एक गैरसमज काढून टाका, हे एव्हरेस्ट वगैरे नाहीये. थंडीत धबधबा गोठून त्याची भिंत होते, वरून दोर सोडलेला असतो, तुमच्या कमरेला हार्नेस, खाली बिले द्यायला, म्हणजे तुमचा दोर ताणून धरायला, गाइड, दोन्ही हातात एकेक आइस अ‍ॅक्स आणि बुटाला क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतणारे लोखंडी दात. हात सुटला तर फूटभर खाली येऊन दोरावर लोंबकळता, बस. बर्फाच्या भिंतींना डब्ल्यूआय (वॉटर आइस) १, २, ३ अशा ग्रेड असतात आणि नवख्यांना सहसा २ वर चढवतात, म्हणजे साधारण ६० अंशांचा उतार. ज्यांनी हरिहरच्या पायऱ्या चढल्यात त्यांना हे आकड्यात कमीच वाटेल, आणि उंचीची भीती असेल तर ती हरिहरलाच कळून येते, त्यासाठी स्वित्झर्लंडचं तिकीट काढायची गरज नाही. फक्त हरिहरला रविवारच्या गर्दीत किंवा पावसाळ्यात पोरांना नेऊ नका.

आता मुद्द्याचं. अशा ट्रिपला भारी हॉटेल घ्यायचं ते मिरवायला नाही. बर्फावर नवखा माणूस दोन-तीन तासात संपतो आणि पोरं दीड तासात. मग ती पोरं, ओले ग्लोव्हज, गारठलेली बायको आणि खिडकीत बसलेली आई या सगळ्यांना पंधरा-वीस मिनिटात गरम जागी पोचवता आलं पाहिजे. म्हणून स्टार मोजण्याआधी हॉटेलच्या दारापासून बर्फापर्यंतचं अंतर मोजा. आम्ही आधी ज्या हॉटेलवर भाळलो होतो तिथून बर्फ ४० मिनिटं गाडीने, तेही घाटातून, असं मॅपवर कळलं आणि बुकिंग करता करता थांबलो.

जागा कुठली घ्यायची

स्वित्झर्लंडच्या एन्गाडिन खोऱ्यातलं पोन्त्रेसिना कुटुंबासाठी मला सगळ्यात सोयीचं वाटतं. गाव १८०५ मीटरवर, म्हणजे कळसूबाईपेक्षा थोडंसंच उंच (आपलं शिखर १६४६), त्यामुळे गावात हवा विरळ होऊन डोकं दुखायचा प्रकार सहसा होत नाही. गावालाच लागून एक घळ आहे, तिच्या भिंतींवर बर्फ धरतो आणि तिथे रीतसर शिकवतात. घळीत ऊन येत नाही म्हणून बर्फ टिकतो, पण त्याच कारणाने थंडीही फ्रीजरसारखी. बर्नर ओबरलांडमधलं कांडरश्टेग दुसरं, ते जेमतेम १२०० मीटरवर, धबधबे भरपूर. इटलीत आओस्ता खोऱ्यातलं कोन्ये, तिथे दीडशेच्या आसपास गोठणारे धबधबे आहेत आणि लिलाझचा धबधबा तर वस्तीपासून चालत. स्वित्झर्लंडमधल्याच सास-फे गावात एका बहुमजली पार्किंगच्या आत बर्फाच्या भिंती बनवून वर्ल्डकप घेतात, पार्किंगमध्ये. आपल्याकडे पार्किंगमध्ये गाडी लागत नाही.

स्वस्तात करायचं तर आपल्याकडेही स्पिती आणि लडाखला आइस क्लाइंबिंग होतं हल्ली. पण लेह ३५०० मीटर, काझा त्याहून वर, दोन-तीन दिवस नुसते अ‍ॅक्लमटाइज होण्यात (विरळ हवेची सवय करण्यात) जातात आणि रात्री नळातलं पाणी गोठतं. पोरांचा पहिला अनुभव तिथे नको, असं माझं मत. मोठ्यांनी खुशाल जावं.

कधी जायचं हा आपला खरा घोळ. बर्फ भरवशाचा असतो तो साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, डिसेंबरात कधी असतो कधी कच्चा, मार्चमध्ये ऊन लागून सुटायला लागतो. आणि आपल्या शाळांच्या सुट्ट्या दिवाळीत आणि मे महिन्यात. नाताळच्या आठवड्यात हॉटेलचे दर बघूनच घाम येतो. आम्ही संक्रांतीनंतर निघालो आणि २६ जानेवारी धरून पोरांच्या सात दिवस शाळा बुडवल्या, वर्गशिक्षिकेला आधीच भेटून सांगितलं, त्यांनी उलट परत आल्यावर वर्गात फोटो दाखवायला लावले.

हॉटेलला काय विचारायचं

वेबसाइटवर ‘फॅमिली आइस क्लाइंबिंग, वय ६ पासून’ असं लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. आमचं हेच झालं. हॉटेलचं नाव घेत नाही, बाकी सगळं उत्तम होतं, पण पहिल्या दिवशी सकाळी तयार होऊन खाली गेलो तर मुलाच्या पायाचे बूटच नाहीत. त्याचा नंबर ३३ आणि त्यांच्याकडचे कडक तळव्याचे बूट ३६ पासून सुरू. साध्या स्नोबूटला पुढच्या दातांचा क्रॅम्पॉन नीट बसत नाही, तळवा वाकला की निघून येतो, त्यामुळे गाइडने सरळ नाही म्हटलं आणि ते बरोबरच होतं. पोरगा रडून लाल. तो दिवस त्याने आजीबरोबर स्लेजवर काढला आणि दुसऱ्या दिवशी गाइडने शेजारच्या गावातून एक जोडी आणून दिली, तीही एक नंबर मोठी, आत दोन मोजे.

तर मेल टाकताना प्रत्येकाचा पायाचा नंबर (युरोपियन साइज), उंची, वजन लिहा आणि स्पष्ट विचारा की या साइजचे बूट आणि क्रॅम्पॉन नक्की आहेत का. लहान मुलाला नुसता कमरेचा हार्नेस पुरत नाही, कंबर-पार्श्वभाग सपाट असल्याने उलटं झालं तर निसटू शकतं, त्याला छातीसकटचा फुल बॉडी हार्नेस लागतो, तो आहे का. गाइड त्यांचा आहे की बाहेरचा आणि त्याच्याकडे आयएफएमजीए या पर्वतीय गाइडांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं प्रमाणपत्र आहे का (जर्मन भाषिक भागात याच संस्थेला आयव्हीबीव्ही म्हणतात, घोटाळा होऊ देऊ नका). बूट-ग्लोव्हज वाळवायची खोली आहे का, ही खोली स्विमिंग पूलपेक्षा महत्त्वाची आहे, दुसऱ्या दिवशी ओल्या ग्लोव्हजमध्ये हात घालून बघा म्हणजे कळेल. आणि बर्फ नसेल, हवा बिघडली, हिमस्खलनाचा धोका वाढला तर पैसे परत की दुसरा दिवस. दावोसची हिम आणि हिमस्खलन संशोधन संस्था रोज हिमस्खलनाचं बुलेटिन काढते, १ ते ५ आकडे, गाइड ते बघूनच ठरवतो आणि तो नाही म्हणाला तर वाद घालायचा नाही. आमच्या शेजारच्या टेबलवरचे एक गृहस्थ घालत होते, ‘आय हॅव पेड’ वगैरे, बघवत नव्हतं.

ग्रुपपेक्षा प्रायव्हेट गाइड घ्या, पण अर्ध्या दिवसाचाच. पूर्ण दिवसाला सहाशे-सातशे फ्रँकच्या घरात जातो आणि फ्रँक म्हणजे शंभराच्या वर रुपये, तुम्हीच हिशेब करा. पाच दिवसांत दोन अर्धे दिवस चढाई पुरे, मधला एक दिवस रिकामा. रोज चढायचं ठरवलं तर तिसऱ्या दिवशी पोरं बुटात पाय घालत नाहीत, आणि खरं सांगायचं तर माझ्याही दंडात चहाचा कप उचलायचं त्राण नव्हतं.

व्हिसाचं थोडक्यात. शेंगेन लागतो, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि कमीत कमी १५ दिवस आधी करायलाच लागतो. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्यांना ४५, त्याहून लहानांना नाही. बारा वर्षांखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत. व्हिसाच्या अपॉइंटमेंटला आम्ही मुंबईला पहाटे निघून कसाऱ्याच्या जॅमची धास्ती घेत गेलो आणि दीड तास आधी पोचून वडापाव खात बसलो. व्हिसासाठी ३० हजार युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतोच, पण खरी मेख पुढे आहे. साध्या पॉलिसीच्या बारीक अक्षरात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की दोर किंवा गाइड लागणारं गिर्यारोहण यातून वगळलंय. म्हणजे व्हिसाला पॉलिसी चालते आणि नेमकं ज्यासाठी निघालात त्याला नाही. अ‍ॅडव्हेंचर स्पोर्ट्सचं कव्हर वेगळं घ्या, त्यात आइस क्लाइंबिंग हा शब्द आहे का ते बघा आणि हेलिकॉप्टरने उचलायचा खर्च धरलाय का तेही. तिकडे रेगा या हवाई बचाव सेवेची हेलिकॉप्टर येतात, नंबर १४१४, फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

मुंबईहून झुरिकला थेट विमान आहे, पुढे कूर आणि सामेदानला गाडी बदलून पोन्त्रेसिना साडेतीन तासांच्या आसपास. तो शेवटचा रेल्वेमार्ग युनेस्कोच्या यादीत आहे, आई खिडकीतून हललीच नाही. स्विस ट्रॅव्हल पास घेतलात तर सोबतची १६ वर्षांखालची मुलं फॅमिली कार्डवर फुकट, हे मागून घ्या.

नाशिकमध्ये असतानाच

दोन महिने आधीपासून पोटऱ्या आणि पकड यांच्यावर काम करा, बाकी जिम राहू द्या. बर्फावर तुम्ही सगळा वेळ बुटाच्या पुढच्या दोन दातांवर उभे असता. आम्ही शनिवार-रविवार पांडवलेणीच्या पायऱ्या आणि रोज घरी जिन्याच्या पायरीवर नुसती बोटं टेकवून टाच खाली सोडायची, वर आणायची, असं तीस-तीस वेळा. मुलगी टीव्ही बघताना दाराच्या बारला लटकायची. आणि एक बावळट वाटणारी पण कामाची गोष्ट, जाड ग्लोव्हज घालून हार्नेसचं बकल लावणं, कॅरॅबिनर (दोर अडकवायची कडी) उघडणं, जॅकेटची चेन ओढणं हे घरी करून बघा. कॉलेज रोडच्या फ्लॅटमध्ये पंखा लावून ग्लोव्हज घालून बसलेलं आमचं कुटुंब बघून सिलेंडरवाला हसून गेला.

कपड्यात एकच नियम, अंगाला कॉटन नको. आपलं सुती बनियन घामाने भिजलं की वाळत नाही आणि चढून खाली आल्यावर पाच मिनिटात पाठीवर थंड फडकं ठेवल्यासारखं होतं. सिंथेटिक किंवा लोकरीचं थर्मल, वर फ्लीस, वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट, आणि खाली उभं असताना अंगावर टाकायला एक ढगळ जाड जॅकेट. ग्लोव्हज प्रत्येकी तीन जोड, चढायला पातळ, उभं राहायला जाड, आणि एक सुका जोड जॅकेटच्या आत पोटाशी. हेल्मेटखाली मावेल अशी पातळ टोपी. आपल्याकडची माकडटोपी आईने नेली होती, ती तिच्यापुरती ठीक. निफाडला पारा पाच-सहावर आला की आपण शेकोट्या पेटवतो आणि द्राक्षबागांतही पेटवतात, तिकडे रात्रीचं उणे १५ ही रोजचीच बाब आहे, पण हवा कोरडी असते आणि वारा नसला तर वाटतं तेवढं भयंकर नाही.

डोळ्यांसाठी एक घरगुती उपाय. अ‍ॅक्स मारली की बर्फाचे कपचे तोंडावर उडतात आणि सावलीत काळा गॉगल लावला तर काही दिसत नाही. आमच्या शॉपफ्लोरवर असतात तसले पारदर्शक सेफ्टी गॉगल मी पाच घेऊन गेलो, अंबडला कुठल्याही इंडस्ट्रियल सप्लायच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळतात. गाइडने एक मागून घेतला.

प्रत्यक्ष भिंतीवर

क्रॅम्पॉन घालून आधी सपाटीवर चालायला शिकवतात. पाय फाकवून, बदकासारखं, नाहीतर एका पायाचा दात दुसऱ्या पायाच्या पँटमध्ये अडकून तोंडावर आपटता. दोरावर पाय द्यायचा नाही, कधीच नाही. आणि चढणाऱ्याच्या बरोबर खाली उभं राहायचं नाही, बाजूला थांबायचं, हेल्मेट घालूनच, कारण वरून बर्फाची ताटाएवढी खापरी सुटते. कोणी ओरडलं तर वर बघायचं नाही, मान खाली घालून भिंतीला चिकटायचं. ही गोष्ट पोरांकडून तीनदा वदवून घ्या.

मग पहिला घाव. मी अ‍ॅक्स उचलली आणि लाकूड फोडल्यासारखी दोन्ही खांद्यांची ताकद लावून हाणली, ठण्ण आवाज आला, टोक उसळून परत आलं आणि मनगट झिणझिणलं. गाइड म्हणाला, हातोडी. बास, एवढंच. खिळा ठोकताना कसं कोपर खांद्याच्या उंचीला, दांडा सैल धरलेला आणि शेवटच्या क्षणी मनगटाचा झटका, तसं. दुसऱ्या वेळी तसंच केलं आणि आवाज बदलला, ठण्ण नाही, ‘थप्प’, जरा बसका. तो आवाज आला की टोक बसलं, वर लटकून बघायची गरज नाही. टूलरूममध्ये घाव बरोबर बसला की कानाला आधी कळतं, तसंच हे. फुगीर जागी मारू नका, तिथला बर्फ फुटतो, जिथे खोलगट वाटी असेल तिथे मारा, आणि आधीच्या माणसाने केलेलं भोक असेल तर नुसतं अडकवा, नवख्याला त्यात कमीपणा नाही. दोन्ही अ‍ॅक्स शेजारी शेजारी मारायच्या नाहीत, मधला बर्फ तडकून दोन्ही एकदम सुटतात, निदान खांद्याएवढं अंतर ठेवा. काढताना डावीकडे-उजवीकडे हलवू नका, दांडा वर-खाली करून सैल करा आणि तोंड बाजूला ठेवा, सगळ्यात जास्त लागतं ते स्वतःचीच अ‍ॅक्स ओढताना नाकावर.

पाय हा खरा अभ्यास. आपल्याला चढताना चवड्यावर उभं राहायची सवय, टाच वर. बर्फावर टाच वर गेली की पुढचे दात खाली कलून बर्फातून निघतात. टाच खाली ठेवायची, अगदी जमिनीला टेकवल्याची कल्पना करून, आणि गुडघ्यातून एकच लाथ, दहा नाही. हे पुढचे दोन दात पूर्वी नव्हतेच. इटलीत कूर्मायूरला ग्रिव्हेल म्हणून लोहारांचं घराणं होतं, त्यातल्या लॉरां ग्रिव्हेलने १९२९ मध्ये दहा दातांच्या क्रॅम्पॉनला पुढे दोन दात जोडून बारा केले, त्याआधी उभ्या बर्फात पायऱ्या खोदत खोदत चढायचे. मी फोर्जिंगवाला माणूस, मला हे ऐकून भिंतीपेक्षा त्या दातांकडेच बघावंसं वाटलं.

क्रम असा ठेवा, दोन्ही पाय एका पातळीत, मग एक अ‍ॅक्स वर मारा, त्या हातावर सरळ लटका, कोपर वाकवू नका, मग लहान लहान पावलांनी पाय वर, कंबर भिंतीकडे, मग दुसरी अ‍ॅक्स. हात सतत वाकवून धरले तर पाच मिनिटात दंड शिलाई मशीनसारखे थडथडतात. बायको माझ्यापेक्षा निम्म्या ताकदीत माझ्या दुप्पट उंच गेली, कारण तिने सांगितलेलं ऐकलं.

आणि आता बोटं. मुलगी पहिला रूट करून खाली आली, खुशीत होती, आणि मिनिटभरात ग्लोव्हज काढून ‘बाबा, बोटं जळतायत’ म्हणून ओरडायला लागली, डोळ्यात पाणी, उलटीसारखं होतंय म्हणे. मी घाबरलो, तिने हात काखेत घातले, गाइड मात्र शांत. वर हात करून घट्ट धरल्याने बोटातलं रक्त उतरतं, आणि खाली आल्यावर ते परत धावत येतं, त्याची ही कळ असते, दोन-चार मिनिटात जाते आणि नुकसान करत नाही. उपाय म्हणजे चढतानाच पकड सैल ठेवा, मधे मधे एकेक हात खाली सोडून झटका, खाली आल्यावर लगेच सुका ग्लोव्ह आणि हात पवनचक्कीसारखे फिरवा. पोरांना हे आधीच सांगून ठेवा, मी सांगितलं नव्हतं. दुखतंय तोवर चिंता नाही, उलट बोट दुखायचं बंद होऊन पांढरं, मेणासारखं, बधिर झालं आणि गरम होऊनही तसंच राहिलं तर तो हिमदंश, तेव्हा चोळायचं नाही, बर्फ तर लावायचाच नाही, ताबडतोब गाइडला सांगायचं.

परत हॉटेलात

पोरं सरळ गरम पूलमध्ये. सौनाबद्दल मात्र आधी रिसेप्शनला विचारा. जर्मन भाषिक भागात सौना बहुतेक वेळा बायका-पुरुष एकत्र आणि कपड्यांशिवाय असतो, स्विमिंग कॉस्च्युमसुद्धा चालत नाही. मी टॉवेल गुंडाळून दार उघडलं आणि ‘सॉरी’ म्हणून तसाच मागे फिरलो. काही हॉटेलांत कुटुंबांसाठी कपड्यांसकटची वेगळी वेळ असते, ती मागा.

जेवणाचं म्हणाल तर हाफ बोर्ड (नाश्ता आणि रात्रीचं जेवण) घ्या, बाहेर खाणं तिकडे परवडत नाही. व्हेज म्हणजे काय ते मेलमध्ये सविस्तर लिहा. वितळलेल्या चीजच्या फोंड्यूमध्ये वाइन असते, बटाट्याच्या रोश्टीत कधी कधी डुकराचे तुकडे घालतात, पुडिंगमध्ये प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन असू शकतं. आमच्या शेफने आईसाठी रोज वेगळं सूप पाठवलं, तिला ते बेचव लागायचं, पण वेटरने विचारलं की ती मान हलवून छान म्हणायची आणि मग पर्समधून चिवडा काढून वरून टाकायची. नाशिकचा चिवडा न्याच. तिळाची चिक्कीसुद्धा, बर्फावर खिशात गोठली तरी दाताखाली फुटते. फक्त पेढे, तुपातले लाडू, श्रीखंडवडी घेऊ नका, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून स्वित्झर्लंडमध्ये न्यायला बंदी आहे.

हॉटेल आणि गाइडला सप्टेंबरातच मेल टाका, दिवाळीच्या आधी व्हिसाची तारीख घ्या. पायाचे नंबर सप्टेंबरात कळवलेत ना, मग निघायच्या दोन आठवडे आधी पोरांचे पाय जाड मोजे घालून परत मोजा आणि बदल असेल तर कळवा. आमच्या धाकट्याचा आता ३५ झालाय.